हळवे व्हॉल्व्ह

अप्पांना जाऊन वर्ष होत आलं तेव्हा त्यांच्या लेकीनं मनावर घेतलं, की घरात व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा, अँप्लिफायर आणायचाच. अप्पा होते तोवर ते राहून गेलं. "काचेतून गाळून आलेला आवाज वेगळाच असतो गं," असं ते उठता-बसता म्हणायचे आणि ती "बघू अप्पा, बघू," म्हणत पायांत चपला सरकवून इस्पितळ गाठायची. ती भूलतज्ज्ञ होती. माणसाला झोपवायचं, तो झोपेत असेपर्यंत त्याच्या श्वासाकडे कान लावून बसायचं आणि काम झालं की सुखरूप परत आणायचं, हे तिचं रोजचं काम. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की तिला जांभया यायच्या.

अप्पा तरुणपणी सर्कशीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. एका वादळात तंबूचा खांब त्यांच्या डाव्या पायावर आडवा झाला आणि तेव्हापासून तो पाय घासतच चालू लागला. पुढे सर्कस बुडाली, बँड पांगला. मालकानं जाता जाता तंबूतली दोन मोठी स्पीकरची लाकडी खोकी अप्पांना देऊन टाकली, ती त्यांनी जन्मभर घरोघरी वागवली. शेवटची काही वर्षं ते लेकीकडे होते. दृष्टी गेलेली. वाचता येईना, टीव्ही बघता येईना, मग माणसानं करावं काय? दिवसभर आपल्या खोलीतून निघायचं, पॅसेजमधून भिंतीला बोटं लावत दिवाणखान्यापर्यंत यायचं आणि पुन्हा मागे वळायचं. टप्, सर्र. टप्, सर्र. कुणी रेकॉर्ड लावली की मात्र असतील तिथे थांबायचे. मान किंचित कलती करून, रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत जागचे हलायचे नाहीत.

ते गेले आणि घर इतकं गप्प झालं, की तिचा नवरा म्हणाला, "कानात दडे बसल्यासारखं वाटतं."

सुट्टीच्या दिवशी ती अप्पांची आवडती क्लॅरिनेटची रेकॉर्ड पिशवीत घालून दुकानात गेली. दुकानाच्या मागे एक खोली होती. जाड पडदे, दोन खुर्च्या आणि भिंतीलगत फळ्यांवर मांडलेले अँप्लिफायर, काहींच्या डोक्यावर काचेचे दिवे लालसर पेटलेले. दुकानदार ऐकताना बूट काढून बसायचा. म्हणायचा, बूट घातले की मला खालचे सूर कळत नाहीत.

"आधी सांगा, घरी स्पीकर कुठले आहेत?" त्यानं विचारलं.

"सर्कशीतले."

त्याला वाटलं ती चेष्टा करतेय. तिनं मोबाइलवर फोटो दाखवला तसे त्याचे डोळे लकाकले. "अहो डॉक्टर, हे तर फुंकर मारली तरी वाजतील! मग तुम्हाला ताकद नकोच. तुम्हाला गोडवा हवा."

तरी त्यानं आधी दणकट अँप्लिफायर लावून दाखवला. एकेका बाजूला व्हॉल्व्हची जोडी, भरपूर जोर. क्लॅरिनेट खोलीभर झालं, स्वच्छ, रुंद, एखाद्या मोठ्या सभागृहात बसल्यासारखं. ती मान डोलावत राहिली, पण आत काही हललं नाही. मग त्यानं तीच रेकॉर्ड एका बुटक्या अँप्लिफायरवर लावली. एकेका बाजूला एकच मोठा व्हॉल्व्ह, ताकद जेमतेम आठ वॅट. आवाज लहान झाला आणि जवळ आला. तिला वादकाची बोटं पट्ट्यांवर पडताना ऐकू आली. ओळ सुरू होण्याआधी तो नाकानं हवा आत घेत होता, तेही ऐकू आलं.

"हा माणूस दमेकरी आहे," ती एकदम म्हणाली.

दुकानदार डोळे मिटूनच हसला. "आजवर कुणी असं गिऱ्हाईक आलं नव्हतं. घ्या हाच."

मग प्रीअँपचा प्रश्न आला. सुईतून निघणारा आवाज इतका बारीक असतो, की त्याला आधी हाताला धरून वर आणावं लागतं, ते काम प्रीअँपचं. एक कोरा करकरीत होता आणि एक जुना, दुकानदारानं स्वतः आतून नव्यानं बांधलेला. कोऱ्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. जुन्यात मात्र क्लॅरिनेटच्या मागे खोली उघडली. भिंती किती लांब आहेत हेही कळू लागलं.

"यातले दोन व्हॉल्व्ह मूळचेच ठेवलेत," दुकानदार म्हणाला. "कधी कधी म्हातारपणी हे हळवे होतात. टिचकी मारली तरी स्पीकरमध्ये टण्ण करतात. आत्ता तर ठीक आहेत. नवे बसवून देऊ का?"

"आवाज बदलेल?"

"थोडा बदलेल."

"मग राहू द्या," ती म्हणाली.

घरी नवऱ्यानं अँप्लिफायरची खोकी उचलून आणताना कुरकुर केली. "आठ वॅट? आपल्या बाथरूमचा दिवासुद्धा याच्यावर दादागिरी करेल." तो पुलांचा इंजिनिअर होता. कुठलीही गोष्ट किती भार पेलते, हे आधी विचारायची त्याची सवय. पण क्लॅरिनेट सुरू झालं तसा तो हातातला चहाचा कप तसाच धरून उभा राहिला आणि चहावर साय धरली तरी त्याला पत्ता नव्हता.

काही दिवस मजेत गेले.

मग एका दुपारी ती एकटीच घरी होती. रेकॉर्डची बाजू संपली, सुई वर उचलली गेली. उठून बाजू उलटायचा कंटाळा आला म्हणून ती सोफ्यावर लवंडली. आवाजाचं बटण तसंच वर होतं. स्पीकरमधून व्हॉल्व्हची हलकी सळसळ येत होती, दूरवर कुठे पाणी वाहत असावं तशी. तिचे डोळे मिटायला आले आणि उजव्या स्पीकरमध्ये बारीक आवाज झाला.

टण्. मग जरा लांबवलेली सर्र.

पुन्हा टण्. सर्र.

ती उठून बसली. आधी तिला वाटलं, शेजारी कुणी फर्निचर हलवतंय. मग लक्षात आलं, की आवाज फक्त स्पीकरमध्ये आहे. घरात दुसरीकडे कुठे नाही. तो उजवीकडून निघाला होता, म्हणजे अप्पांच्या खोलीच्या बाजूनं, आणि हळूहळू डाव्या स्पीकरकडे सरकत होता. पायरीसारखा एकेक. मध्येच क्षणभर थबकायचा, पुन्हा निघायचा. डावीकडे पोचला आणि थांबला. मग कितीतरी वेळ नुसती सळसळ.

तिनं सवयीनं स्वतःची नाडी धरली. घोड्यासारखी उधळली होती. पॅसेजमध्ये जाऊन पाहिलं. दुपारचं ऊन फरशीवर पडलेलं, बाकी काही नाही. ती परत आली, सुई रेकॉर्डवर ठेवली आणि बाजू संपेपर्यंत सोफ्याच्या कडेवर ताठ बसून राहिली.

नवऱ्याला तिनं लगेच सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा तो हसला. "तुमच्या त्या भुलीच्या वायूची गळती तपासून घे एकदा."

"थट्टा करू नकोस. रविवारी घरी आहेस ना? ऐक मग."

रविवारी दोघं बसले. बाजू संपली, सळसळ सुरू झाली. नवरा पेपर चाळत होता. टण् झालं तेव्हा त्यानं पान उलटायचं थांबवलं. सर्र झालं तेव्हा पेपर खाली ठेवला. मग उठला, स्वयंपाकघरातून एक पसरट पातेली आणली, पाण्यानं काठोकाठ भरली आणि पॅसेजच्या मधोमध ठेवली.

"फरशी हलली तर पाणी हलेल," तो म्हणाला. "बघ." तो स्वतः पातेलीजवळून चालत गेला. पाण्यावर वर्तुळं उठली आणि त्याच्या पावलांबरोबर स्पीकरही टणटणले. "दिसलं? साधी कंपनं आहेत. आता तो आवाज येईल तेव्हा पाण्याकडे लक्ष ठेव."

दोघं पातेलीजवळ उकिडवे बसले. दिवाणखान्यातल्या स्पीकरमधून पावलं ऐकू यायला लागली. टण्, सर्र. टण्, सर्र. पाणी आरशासारखं होतं. छताचा पंखा त्यात स्पष्ट दिसत होता. पावलं उजवीकडून डावीकडे गेली, म्हणजे जिथे ते दोघं बसले होते तिथूनच गेली असणार, आणि पाण्यावर एक सुरकुती उठली नाही.

नवऱ्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. "बंद कर ते," तो म्हणाला.

"तुला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही. तू बंद कर."

"अप्पांसारखी आहेत ना?"

"मी काही म्हटलं का?" तो ओरडलाच. आणि मग हळू आवाजात, "हे घर आहे आपलं. मला इथे राहायचंय गं."

दुसऱ्या दिवशी तिनं दुकानदाराला फोन केला. तो संध्याकाळी खिशात नव्या व्हॉल्व्हची पुठ्ठ्याची डबी घालून आला, दारातच बूट काढले आणि प्रीअँपचं झाकण उघडून पेन्सिलीनं एका व्हॉल्व्हला हलकेच टिचकी मारली. स्पीकर घंटेसारखा घणाणला.

"झाले हळवे," तो म्हणाला. "असा व्हॉल्व्ह म्हणजे माइकच समजा. पाण्याला कळणार नाही ते याला कळतं. खांबातून, भिंतीतून, कुठूनही."

"पण चालतंय कोण?"

"इमारत आहे डॉक्टर. वर-खाली माणसं राहतात. तुमच्या खाली कोण आहे?"

खाली पोहण्याचे मास्तर राहत. उंचेपुरे, छाती भरलेली, सगळ्या वस्तीतल्या पोरांना त्यांनी पाण्यात ढकलून पोहायला शिकवलेलं. मध्यंतरी त्यांना झटका येऊन एक बाजू लुळी पडल्याचं तिनं ऐकलं होतं. भेटायला जायचं जायचं म्हणत राहून गेलं होतं. ती तशीच जिना उतरली. दार मास्तरांच्या बायकोनं, काकूंनी, उघडलं. आत मास्तर खिडकीच्या गजाला धरून उभे होते. काकूंनी त्यांच्या बगलेत खांदा दिला आणि म्हणाल्या, "ये ये. आत्ताच फेरी संपतेय." मास्तरांनी एक पाय टाकला. दुसरा फरशीवरून ओढत आणला.

"काकू, दुपारीही चालवता का यांना?"

"दुपारीच तर! तुझं वाजायला लागलं की उठवते. वरून ठेका मिळतो ना. वाजायचं थांबलं की हे हट्टाला पेटतात, आणखी एक फेरी, आणखी एक फेरी. त्रास होतो का तुला आवाजाचा?"

"नाही हो काकू. मुळीच नाही."

मास्तरांनी वाकड्या झालेल्या तोंडानं काहीतरी म्हटलं. काकूंनी अर्थ सांगितला, "विचारतायत, ते तुतारीवालं गाणं पुन्हा कधी लावणार."

ती हसत बाहेर पडली. जिन्याच्या वळणावर आली आणि पायरीवरच बसली. अप्पा गेले त्या दिवशी ती रडली नव्हती, नंतरही नाही. लोक म्हणत, डॉक्टर आहे, मन घट्ट आहे. आता कठड्याला कपाळ टेकवून ती हमसून हमसून रडली. आठवडाभर मनात कुठेतरी अप्पा घरात होते. आता नव्हते.

वर दुकानदार आणि नवरा गप्पा मारत बसले होते. तिनं सांगितलं तसा नवरा खुर्चीतून उठून खो खो हसला, इतका की दुकानदारही हसायला लागला. "बदलू का मग व्हॉल्व्ह?" दुकानदारानं विचारलं.

"मास्तरांचा व्यायाम चालू दे," ती म्हणाली. "डबी ठेवून जा. वाटलं तर आम्हीच बसवू."

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. ती मुद्दाम मास्तरांसाठी रेकॉर्ड लावायची आणि मग आवाज वाढवून त्यांची पावलं ऐकायची. नवरा तर आकडेबहाद्दर, तो म्हणायचा, "आज मास्तरांचा वेग वाढलाय." मधली सर्र आखूड होत होती. एकदा तर पाऊल जवळजवळ सरळ पडलं आणि दोघांनी वर टाळ्या वाजवल्या.

मग मास्तरांचा मुलगा आला आणि आईवडिलांना आपल्या गावी घेऊन गेला. तिथे व्यायामाची चांगली सोय होती. निघताना काकूंनी घराची किल्ली तिच्याकडे दिली, कुंड्यांना पाणी घालायला. मास्तर टॅक्सीपर्यंत काठी टेकत स्वतःच्या पायांनी गेले.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी नवराही घरी होता. दुपारी रेकॉर्डची बाजू संपली आणि ती उलटायला कुणीच उठलं नाही. खालचं घर बंद आहे हे दोघांना ठाऊक होतं. सकाळी तीच खाली जाऊन पाणी घालून आली होती. गॅस बंद, खिडक्या बंद, चादरी घातलेल्या खुर्च्या.

"बंद करू?" तिनं विचारलं.

"राहू दे," नवरा म्हणाला. "होऊन जाऊ दे एकदा खात्री."

सळसळ चालू होती. रस्त्यावरून एक गाडी गेली, तिची घरघर व्हॉल्व्हनी पकडली आणि सोडून दिली. कुठेतरी नळ सुटला. बराच वेळ काही नाही. नवऱ्यानं सुस्कारा टाकला. "बघ. मास्तर गेले, विषय संपला." आणि तो पाणी प्यायला उठला.

उजव्या स्पीकरमध्ये टण् झालं.

तो जागच्या जागी उभा राहिला. सर्र. मग पुन्हा टण्. पावलं पूर्वीपेक्षा हळू होती, एखादा माणूस अंधारात चाचपत येतो तशी. थोडं अंतर आली आणि थबकली. पुन्हा टण्, पण पुढे नाही, तिथल्या तिथेच. पुन्हा तिथल्या तिथेच.

तिला नवऱ्याकडे बघायचं धाडस होईना. त्यानं मात्र पॅसेजकडे पाहिलं आणि एकदम म्हणाला, "कपाट."

अप्पा गेल्यावर त्यांनी पॅसेजमध्ये भिंतीलगत चपलांचं एक कपाट आणून ठेवलं होतं. आता काय, कुणाला तिथून भिंत धरून जायचंय, असं म्हणूनच ठेवलं होतं. नवरा गेला, कपाटाला खांदा लावला आणि ते फरशीवरून खरवडत ओढून स्वयंपाकघरात नेलं. आतल्या चपला धडाधड पडल्या. स्पीकरमध्ये इतका गडगडाट झाला, की तिनं कान झाकले. मग तो बाजूला भिंतीला पाठ लावून उभा राहिला, पोट आत ओढून, एखाद्याला वाट द्यावी तसा. आयुष्यभर भार आणि आधार यांची गणितं मांडणारा माणूस. त्याचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

गडगडाट विरला. सळसळ उरली. मग पावलं निघाली आणि सावकाश डावीकडे आली. डाव्या स्पीकरपाशी थांबली.

"लाव काहीतरी," नवरा पॅसेजमधूनच कुजबुजला. "ताटकळत उभं नको ठेवूस."

तिनं सुई ठेवली.

नव्या व्हॉल्व्हची डबी तिनं त्याच आठवड्यात दुकानात परत नेऊन दिली. दुकानदारानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. "खालचे मास्तर बरे आहेत ना?" त्यानं विचारलं.

"बरे आहेत. गावी गेलेत."

"असं," तो म्हणाला. त्यानं डबी फळीवर ठेवून दिली.

भीती गेली असं मात्र नाही. आजही रेकॉर्ड संपली की दोघांपैकी कुणीतरी घाईनं उठतं आणि दुसरी लावतं, बोलता बोलता, जणू मध्ये काही ऐकूच येऊ नये. झोपायच्या आधी नवरा प्रीअँपचा प्लग भिंतीतून काढून ठेवतो. पाहुणे आले की म्हणतात, केवढा गोड आवाज आहे, आणि तेवढ्यापुरतं ती खूश होते. पण एखाद्या दुपारी ती एकटी असली, की बटण पूर्ण वर करते आणि हात मांडीवर ठेवून बसते. कधी काहीच येत नाही. तेव्हा तिला जास्त भीती वाटते.